दोन पावसाळे काढलेले तीन स्विच

मी मूळचा वायरमन. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या या कारखान्यात लागलो तेव्हा इथं एकच कॉम्प्युटर होता, तोही अकाउंट्सच्या खोलीत, कापडाखाली झाकलेला. आज पॅनेल, मोटरी आणि अर्थिंग यांच्यासोबत सगळं नेटवर्कही माझ्याच अंगावर आहे. मोठे मालक मला अजून वायरमन म्हणूनच हाक मारतात आणि मला ते आवडतं. हा रिव्ह्यूसुद्धा वायरमनच्याच नजरेनं लिहितोय.

वस्तू अशी: दिव्याचे नव्हे, तर कॉम्प्युटर, कॅमेरे, फोन एकमेकांना जोडणारे नेटवर्कचे तीन स्टॅकेबल स्विच. ४८ पोर्टांचे, पीओई देणारे (म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीजही पुरवणारे) आणि एकमेकांना जोडून एकच स्विच म्हणून चालणारे. अशा जोडलेल्या गटाला स्टॅक म्हणतात. प्रत्येकाला पुढच्या बाजूला १० गिगाबिटचे ४ एसएफपी प्लस, म्हणजे जास्त वेगाच्या जोडणीचे पोर्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, वळीव चालू असताना बसवले. मॉड्यूल, केबल आणि १८ टक्के जीएसटी धरून बिल पावणेचार लाखांच्या आसपास गेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्याकडे तीनच नग, त्यातला एक बिघडला, तेवढ्यावरून कुणाला वाईट ठरवणं बरोबर नाही. शिवाय मी जे सांगणार आहे ते कुठल्याही कंपनीचा स्टॅक घेताना बघावंच लागतं.

आमचं काम कास्टिंग आणि मशिनिंगचं. ऑफिसला लागून मशीन शॉप, तिथून १४० मीटरवर फाउंड्री शेड, खानापूर रोडच्या बाजूला गेट आणि वजनकाटा. आधी या सगळ्याला मिळून नऊ साधे स्विच होते, एकाच्या शेपटीला दुसरा, दुसऱ्याच्या शेपटीला तिसरा. जसजशी गरज पडली तसतसा गणपत गल्लीतून नाहीतर खडेबाजारातून एकेक डबा आणून जोडलेला. सात-आठ वर्षं चाललंही.

मग एकदा दिवाळीच्या तोंडावर, डिस्पॅचची गडबड चालू असताना, पॅकिंगमधल्या पोराला भिंतीवर लोंबणारं केबलचं टोक दिसलं. सुटलंय असं समजून त्यानं ते रिकाम्या पोर्टात खोचलं. त्याच केबलचं दुसरं टोक त्याच डब्यात होतं. इथरनेटच्या पाकिटावर इतक्या फेऱ्या झाल्या की संप, असं कुठं लिहिलेलं नसतं. ते फिरत राहतं, त्याच्या प्रती निघत राहतात आणि काही सेकंदांत सगळ्या तारा त्याच कचऱ्यानं भरतात. बिलं निघेनात, वजनकाट्याचा कॉम्प्युटर सर्व्हरला दिसेना, माल भरलेल्या दोन लॉऱ्या गेटवर ई-वे बिलासाठी थांबल्या. मी एकेक डबा बंद करत, चालू करत शोधत होतो. सापडायला साडेतीन तास गेले. त्या पोराची चूक मी मानली नाही. लोंबती केबल दिसली तर माणूस ती लावणारच. ते ओळखून पोर्ट बंद करणारं काहीतरी आमच्याकडे हवं होतं आणि नव्हतं.

तेवढ्यासाठी स्टॅकच लागतो असं नाही. सेटिंग टाकून मॅनेज करता येणारा कुठलाही बरा स्विच असा फेरा ओळखतो. धाकट्या मालकांनी मला हेच विचारलं, "मग तीन वेगळे मॅनेज्ड स्विच घेतले तर? स्वस्तात होईल की." प्रश्न रास्त होता. मी चार दिवस मागून घेतले आणि कागदावर दोन्ही मांडणी काढल्या.

तीन वेगळे स्विच म्हणजे तीन पत्ते, तीन सेटिंगच्या फायली, आणि प्रत्येक व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) तीन ठिकाणी टाकायचा. आमच्याकडे पाच व्हीलॅन आहेत: ऑफिस, मशीन, कॅमेरे, फोन आणि पाहुण्यांचं वायफाय. एखादा नवा व्हीलॅन टाकताना एका डब्यात विसरला तर तो दोष शोधायला अर्धा दिवस जातो. माझ्या हाताखाली या कामाला दुसरं कुणी नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फाउंड्री शेडला दोन फायबर (काचेच्या तारा) नेल्या आणि त्या दोन वेगळ्या स्विचांत लावल्या, तर फेरा होऊ नये म्हणून स्विचमधली स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत त्यातली एक बंद करून ठेवते. खर्च दोन तारांचा, काम एकीचं. पहिली तुटली की दुसरी उघडते, पण जुन्या पद्धतीत त्याला ३० ते ५० सेकंद जातात. २००१ साली आलेली रॅपिड स्पॅनिंग ट्री खूप लवकर सावरते, तरीही एक तार बसूनच राहते. स्टॅकमध्ये हा पेच उरत नाही. तिन्ही डबे बाहेरच्या जगाला एकच स्विच दिसतात, त्यामुळे एक फायबर पहिल्या डब्यात, दुसरी तिसऱ्यात लावायची आणि एलएसीपी नावाच्या पद्धतीनं दोन्ही बांधून एक करायच्या. दोन्ही चालतात. एक डबा मेला तर दुसरीवरून काम पुढं जातं.

मी स्टॅक मागितला तो यासाठी. वेगासाठी नाही. आमच्या कामाला वेग कधीच कमी पडला नव्हता.

वेगाच्या आकड्यांबद्दल मात्र एक सांगायला हवं, कारण कोटेशनवर तेच मोठ्या अक्षरांत असतं. आमच्या डब्यावर '१७६ गिगाबिट स्विचिंग क्षमता' लिहिलंय. हिशोब करा: ४८ पोर्ट एक-एक गिगाबिटचे, अधिक ४ पोर्ट दहा-दहाचे, झाले ८८. येणारं आणि जाणारं दोन्ही मोजून दुप्पट, १७६. म्हणजे सगळे पोर्ट एकदम भरले तरी डबा अडखळणार नाही एवढाच त्याचा अर्थ. स्टॅकचा वेग '४० गिगाबिट' असं लिहिलं होतं, तेही तसंच: दहाचे दोन पोर्ट, दोन्ही दिशा. खोटं नाही, पण एका डब्यातून शेजारच्या डब्याकडे जाणाऱ्या एका केबलवर एका दिशेला १० गिगाबिटच मिळतात. आमच्या ३१ कॅमेऱ्यांना आणि टॅलीला ते भरपूर आहेत. ज्यांच्याकडे मोठे सर्व्हर आणि दिवसभर बॅकअप चालतात त्यांनी मात्र हा आकडा उलगडून बघावा.

स्टॅकची केबल कुठं लागते यावरून दोन घराणी पडतात. काहींना मागच्या बाजूला खास स्टॅकचे पोर्ट असतात. सिस्कोनं २००३ साली कॅटॅलिस्ट ३७५० मध्ये स्टॅकवाइज आणलं ते असंच: मागून जाड केबल, ९ स्विचांपर्यंत, एकूण ३२ गिगाबिट. त्यांच्याच नंतरच्या ९३०० मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत ते ४८० गिगाबिट आणि ८ स्विच असं झालं. जुनिपर याला व्हर्च्युअल चॅसी म्हणतं. त्यांच्या ईएक्स ४२०० मध्ये १० डबे जुळायचे, लहान ईएक्स २३०० मध्ये ४. दुसरं घराणं पुढचेच अपलिंकचे, म्हणजे बाहेरच्या जोडणीचे मोठे पोर्ट स्टॅकला वापरणारं, अरुबाची व्हीएसएफ पद्धत तशी आहे. माझे डबे या दुसऱ्या घराण्यातले. फायदा असा की खास केबलची बांधिलकी नाही. तोटा असा की चार मोठ्या पोर्टांपैकी दोन स्टॅकमध्येच जातात. तीन डब्यांचे मिळून १२ पोर्ट कागदावर दिसतात, हातात राहतात ६. हे आधी मोजा. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एका स्टॅकमध्ये जुळत नाहीत, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकासुद्धा बहुतेक वेळा जुळत नाहीत. म्हणून पुढच्या पाच वर्षांत किती पोर्ट वाढतील याचा अंदाज आजच करावा लागतो.

बसवायला गोकाककडचा एक पोरगा आला होता. मी मराठीत विचारायचो, तो कानडीत सांगायचा, मध्येमध्ये दोघांचं इंग्रजी. काम स्वच्छ होतं त्याचं. पण पुरवठादारानं केबल दोनच पाठवल्या होत्या. तीन डबे, दोन केबल: पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पोरगा म्हणाला, "आगतैत्री." चालेल. चाललंही, तिन्ही डबे एक झाले. पण ही साखळी झाली, रिंग नाही. साखळीत मधला डबा मेला की पहिला आणि तिसरा वेगळे पडतात, आणि दोघांनाही वाटतं की मीच मालक. दोघांकडे तोच पत्ता, तीच सेटिंग. एका नेटवर्कवर एकाच पत्त्याचे दोन स्विच बोलू लागले की जो गोंधळ होतो तो साध्या बिघाडाहून वाईट असतो. अर्धं चालतं, अर्धं चालत नाही आणि कुठलं अर्धं ते क्षणाक्षणाला बदलतं. चांगल्या कंपन्या हे ओळखून एक बाजू गप्प करायची सोय देतात, पण ती आपण चालू करावी लागते.

मी तिसरी केबल मागितली. तिसऱ्यातून परत पहिल्यात जाणारी, एक मीटरची. कोटेशनमध्ये नव्हती म्हणून तिचे वेगळे पैसे आणि यायला सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत मला नीट झोप लागली नाही असं लिहिलं तर खोटं होणार नाही. केबलची किंमत डब्याच्या मानानं किरकोळ, पण तिच्याशिवाय निम्मा स्टॅक विकत घेतल्यासारखं आहे. रिंग पूर्ण असली की कुठलीही एक केबल किंवा कुठलाही एक डबा गेला तरी उरलेले एकमेकांना दुसऱ्या वाटेनं दिसत राहतात.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, रॅकची धूळ काढताना सहज म्हणून स्टॅकची स्थिती बघितली. तिथं रिंगऐवजी साखळी लिहिलेलं. लॉग मागं नेत गेलो तर दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यामधली जोडणी अकरा दिवसांपूर्वी तुटलेली. केबल जागेवर दिसत होती, पण कडी पूर्ण बसली नव्हती. वरून पॅच कॉर्डचा (छोट्या जोडकेबलांचा) जुडगा तिच्यावर रेलला होता आणि हळूहळू ती बाहेर सरकली होती. अकरा दिवस कारखाना बिनतक्रार चालला. कुणाला काही कळलं नाही, मलाही नाही.

माझं घर येळ्ळूरला, दारात दोन म्हशी आहेत. बिथरणाऱ्या म्हशीला आम्ही दोन दावी बांधतो. त्यातलं एक तुटलं तरी म्हैस जागेवरच उभी असते. लांबून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. सकाळी जवळ जाऊन दोन्ही दाव्यांना हात लावून बघितलं तरच कळतं. स्टॅकचं नेमकं तसंच आहे. पहिला बिघाड तो पोटात घालतो आणि गप्प राहतो. पुढचा बिघाड आला की मग सगळं एकदम अंगावर येतं, आणि माणूस म्हणतो की एवढे पैसे घालून उपयोग काय झाला.

स्विचमध्ये यासाठी सूचना पाठवायची सोय होती. पण ती मुळात बंद अवस्थेत आली होती आणि बसवताना कुणी चालू केली नव्हती. मी ती चालू केली. आता स्टॅकची केबल निसटली, पंखा थांबला, डबा गेला किंवा नवा आला, की धाकट्या मालकांना आणि मला मेल येतो. ते तपासायला मी स्वतः एक केबल काढून बघितली: मेल चाळीस सेकंदांत आला. शिवाय दर सोमवारी पहिल्या शिफ्टला मी स्टॅकची स्थिती बघून पॅनेलच्या वहीत टिक करतो, जसं कंप्रेसरचं ऑइल बघतो तसं. तुम्ही स्टॅक घेणार असाल तर बाकी सगळं विसरा, पण बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर एक केबल उपटा आणि मेल येतो का बघा.

प्रायोरिटीचंही, म्हणजे मुख्य डबा कुठला हे ठरवण्याचंही असंच, बसवतानाच करून घ्यायचं काम. स्टॅकमध्ये एक डबा मुख्य असतो, एक त्याचा राखीव, बाकी सदस्य. आपण काही सांगितलं नाही तर बऱ्याच कंपन्यांचे स्विच मॅक पत्ता (बनवतानाच डब्याला दिलेला क्रमांक) बघून मुख्य निवडतात, म्हणजे नशिबावर. आमच्याकडे दोन यूपीएस आहेत. पहिल्या महिन्यात हेस्कॉमची वीज दिवसातून दोनदा गेली, एक यूपीएस दुसऱ्याच्या आधी उठला आणि तिसरा डबा मुख्य होऊन बसला. कामाला धक्का लागला नाही. पण मी पहिल्यालाच मुख्य धरून सेटिंगची सीरियल केबल लावून बसलो होतो. आता पहिल्याची प्रायोरिटी सगळ्यांत वर, तिसऱ्याची त्याखाली, दुसऱ्याची सर्वांत कमी. पहिला आणि तिसरा वेगवेगळ्या यूपीएसवर आहेत.

फाउंड्री शेडमध्ये आणखी एक डबा लागणार होता. पुरवठादाराचं म्हणणं, पुढचेच पोर्ट स्टॅकला वापरतात तर फायबरवरून १४० मीटरवरचा डबाही त्याच स्टॅकमध्ये घ्या. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, मल्टिमोड ओएम३ जातीच्या फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जातात. मी नको म्हटलं, आणि ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं. शेडची वीज इंडक्शन फर्नेसच्या देखभालीला वेगळी बंद होते. दर वेळी स्टॅकचा एक सदस्य जाणार, परत येणार, रिंग उघडणार, मिटणार. आणि रिंगच्या दोन फायबर एकाच चरातून नेल्या तर ती रिंग नव्हेच, जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो. म्हणून शेडला साधा वेगळा मॅनेज्ड स्विच दिला. त्याच्या दोन फायबर पहिल्या आणि तिसऱ्या डब्यात, एलएसीपीनं बांधलेल्या. गेटच्या केबिनलाही तसंच. आमच्या शिनोळीच्या युनिटचा प्रश्नही कुणीतरी काढला होता. ते महाराष्ट्राच्या हद्दीत, वीज महावितरणची, मध्ये राऊटर आणि भाड्याची लाइन. तिथं स्टॅकचा काही संबंध येत नाही. ते काम व्हीपीएनचं, म्हणजे दूरच्या दोन जागा सुरक्षित जोडणाऱ्या सोयीचं.

गेटपर्यंत पूर्वी तांब्याची केबल होती. बेळगावचा वळीव ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून येतात, कडाडतं, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या तारेतून धावतो. दोन वर्षांत दोनदा दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले होते. काचेतून वीज वाहत नाही. फायबर टाकल्यापासून गेटचा एकही पोर्ट गेलेला नाही. स्टॅकमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण इथं एका डब्यात शिरलेला झटका शेजाऱ्यालाही जड जाऊ शकतो, सगळे धातूनं जोडलेले. रॅकला वेगळा अर्थ पिट घेतला, न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मी दर महिन्याला मोजतो. दोन व्होल्टच्या वर गेला की पिटात पाणी घालतो, खाली आला नाही तर जोडण्या उघडून बघतो.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मधला डबा गेला. सकाळी सहा चाळीसला मेल आला तेव्हा मी अनगोळ नाक्यावर चहा पीत होतो. पोहोचलो तर दुसऱ्या डब्याचा एकही दिवा लागत नव्हता. पॉवर सप्लाय आत बसवलेला, बदलता न येणारा. काही कंपन्या काढता-घालता येणारे दोन सप्लाय देतात, सिस्कोच्या काही मॉडेलांत तर चार डब्यांपर्यंत वीजसुद्धा आपसांत वाटून घेता येते. आमच्या किमतीत ते नव्हतं.

पण फाउंड्री चालू होती. गेट चालू होतं. सर्व्हर चालू होते, कारण त्यांचेही दोन-दोन पाय वेगळ्या डब्यांत. कॅमेरे मी बसवतानाच एकाआड एक वाटले होते, त्यामुळे मशीन शॉपचा कुठलाही कोपरा पूर्ण आंधळा झाला नव्हता. वापरातले ११८ पोर्ट मी ४०, ३९, ३९ असे वाटलेत, म्हणजे पहिल्यात ८ आणि तिसऱ्यात ९ रिकामे, एकूण १७. दुसरा मेला तर कुठल्या १७ केबल आधी हलवायच्या याची यादी रॅकच्या दाराला आतून चिकटवलेली आहे: लॅबच्या स्पेक्ट्रोमीटरचा कॉम्प्युटर, डिस्पॅचचा प्रिंटर, सीएनसीला प्रोग्राम पाठवणारा कॉम्प्युटर, हजेरीचं मशीन, असं खाली खाली. रिकामे पोर्ट फेऱ्यापासून वाचावेत म्हणून बंद ठेवलेले असतात, तेवढे उघडले आणि व्हीलॅन दिले. पहिली शिफ्ट सात वाजता आत आली तेव्हा हजेरी लागत होती. अकाउंट्सच्या ताई नऊला आल्या, त्यांना दुपारपर्यंत काही घडल्याचं माहीतही नव्हतं.

वॉरंटीत बदली नग यायला एकोणीस दिवस लागले. फोनवर रोज नवा माणूस, रोज तीच माहिती पहिल्यापासून. हा या खरेदीतला सगळ्यांत वाईट भाग. कागदावर 'पुढच्या कामाच्या दिवशी बदली' असं लिहिलेलं असलं तरी ती सेवा बेळगावच्या पिनकोडला लागू आहे का, ते वेगळं लिहून घ्या. मी ते केलं नव्हतं. आता त्याच मालिकेतला २४ पोर्टांचा एक डबा राखीव घेऊन ठेवलाय. आमच्या मालिकेत २४ आणि ४८ एकत्र जुळतात.

नवा नग आला ते काम मात्र बघण्यासारखं होतं. आधी त्याला एकटा चालू करून फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बाकीच्यांच्या आवृत्तीला आणलं, क्रमांक २ दिला, प्रायोरिटी खाली ठेवली आणि बंद केला. बंद अवस्थेतच रॅकमध्ये बसवला, स्टॅकच्या दोन्ही केबल लावल्या, मगच वीज दिली. चालू डबा चालू स्टॅकला जोडायचा नाही, दोन मालक समोरासमोर आले तर एका बाजूला रीस्टार्ट व्हावं लागतं. पाचेक मिनिटांत तो आत आला आणि मेलेल्या डब्याच्या ४८ पोर्टांची सेटिंग मुख्य डब्याकडून आपोआप उतरली. मी एक अक्षर टाइप केलं नाही. केबल नंबर बघून लावल्या, झालं. आधीच्या काळात याच कामाला रविवार गेला असता.

पीओईबद्दल एक हिशोब देतो, तो मला कुणी सांगितला नव्हता. प्रत्येक डबा ३७० वॉट देतो, तीन मिळून १११०. माझ्याकडे ३१ कॅमेरे, ९ वायफाय, २२ फोन. प्रत्यक्षात कॅमेरा रात्री इन्फ्रारेड लागल्यावर ७ वॉटपर्यंत ओढतो, वायफाय १५, फोन ४, म्हणजे एकूण ४४० च्या आसपास. एक डबा मेला तरी उरलेले ७४० वॉट पुरेसे. पण स्विच आला तेव्हा तो वापर न बघता उपकरणाचा वर्ग बघून वीज राखून ठेवत होता: कॅमेऱ्याला १५.४, वायफायला ३०, फोनला ७. ती बेरीज ९०१ होते. एक डबा गेला असता तर दोनांत ती मावली नसती आणि शेवटचे कॅमेरे वीज असूनही लागले नसते. सेटिंग प्रत्यक्ष वापरावर बदलली, प्रश्न मिटला.

फर्मवेअरचा मुद्दा स्टॅकच्या विरोधात जातो, तोही सांगतो. तिन्ही डबे एकाच मेंदूवर चालतात, त्यामुळे अपडेट केलं की तिन्ही एकदम बसतात. आमच्याकडे स्टॅक उठायला सात मिनिटं, आणि पीओई गेल्यानं सगळे कॅमेरे पहिल्यापासून सुरू होऊन रेकॉर्डिंगवर यायला आणखी चार-पाच. वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, हे आम्हाला चालतं. ज्या हॉस्पिटलला किंवा डेटा रूमला बारा मिनिटंही चालत नाहीत, त्यांनी स्टॅक घेऊ नये. दोन स्वतंत्र स्विच घेऊन एमलॅग करावं: तिथंही दोन डब्यांत पाय टाकता येतात, पण मेंदू दोन असतात, एकाचं अपडेट करताना दुसरा उभा राहतो. आणि ज्यांचे पॉइंट चाळीसच्या आत आहेत त्यांना दोन बरे मॅनेज्ड स्विच पुरतात.

धुळीबद्दल थोडं. फाउंड्रीची धूळ साधी नसते, त्यात लोखंड आणि काळी वाळू असते. बिघडलेला डबा परत पाठवण्याआधी मी जाळीतून टॉर्च मारून बघितलं, पंख्याच्या पात्यांवर काळा थर होता. बिघाडाचं कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून रॅकच्या दाराला फिल्टर आहे आणि तो दर पंधरा दिवसांनी झाडला जातो. पंख्यांचा आवाज ऑफिसमध्ये ठेवण्यासारखा नाही. वेगळी खोली हवी. वेब पान संथ आहे, तीन डब्यांचे पोर्ट उघडायला वेळ घेतं. मी कमांड लाइन शिकलो आणि त्याचा मला आनंद आहे. २/०/१७ म्हणजे दुसऱ्या डब्याचा सतरावा पोर्ट, एवढं कळलं की निम्मी भीती जाते. सगळी सेटिंग एकाच फाइलमध्ये मावते, तिची प्रत दर बदलानंतर सर्व्हरवर आणि एका पेनड्राइव्हवर.

मी हे स्विच परत घेईन का? घेतोच आहे. कोअर शॉपचं नवं शेड मशीन शॉपला लागून उभं राहतंय, तिथले पॉइंट याच रॅकमध्ये येतील आणि त्यासाठी चौथ्या डब्याचं कोटेशन काल आलं. यावेळी केबलची ओळ मी वेगळी लिहून घेतली: अर्ध्या मीटरची एक, रिंग मिटवायला, आणि एक मीटरची एक जादा, कपाटात ठेवायला. धाकटे मालक म्हणाले, "जादा कशाला?" मी त्यांना वहीतलं ऑगस्टचं पान दाखवलं. त्यांनी सही केली.